फॉर्ममधला तिसरा प्रश्न

(मिसिसिपीतलं लहानसं गाव. हॉस्पिटलातून कालच घरी आलेले थॅडियस ओसरीवर बसलेत. भाची रेनिटा पायरीवर.)

थॅडियस: ते सूप तरी पी. पडलो मी, आणि तोंड उतरलंय तुझं!

रेनिटा: मामा, विषय बदलू नका.

थॅडियस: अगं, चर्चच्या हॉलमध्ये तुझी ती सहा मिनिटं चालायची चाचणी होती. पाचव्या मिनिटाला मी आडवा झालो. डॉक्टरांनी हृदयात स्टेंट घातला, आता ठणठणीत आहे. संपलं.

रेनिटा: नाही संपलं. चालायच्या आधी मी फॉर्म भरून घेतला होता. तिसरा प्रश्न होता, छातीत दुखतं का? तुम्ही काय म्हणालात?

थॅडियस: कोण लक्षात ठेवतंय!

रेनिटा: मी. ‘जिना चढलो की जरा आवळल्यासारखं होतं, पोरी. तुझ्या मामीच्या तिखट सॉसचा प्रताप.’ तुम्ही हसलात, मीही हसले. आणि ‘नाही’वर खूण केली.

थॅडियस: सॉस जहालच असतो तिचा.

रेनिटा: मामा, मला कळत होतं! चार वर्षं व्यायामशास्त्र शिकतेय, पहिल्याच वर्षी शिकवतात हे. पण कॉलेजच्या प्रकल्पाला माणसं तीस हवी होती, तुम्ही तिसावे. ‘हो’ लिहिलं असतं तर डॉक्टरची चिठ्ठी लागली असती, आणि डॉक्टर चाळीस मैलांवर. वर मी ओरडले. त्या चाचणीत ‘छान चाललंय’ असली ठरलेली वाक्यंच बोलायची असतात. आणि मी? ‘चला मामा, डीकन परनेलना मागे टाका!’

थॅडियस: टाकलं की नाही चर्चच्या त्या कारभाऱ्याला?

रेनिटा: टाकलंत. मग पडलात.

थॅडियस: हे बघ, तुझ्या कॉलेजच्या बाईंना मी सांगून टाकलंय, दुखणं मीच लपवलं म्हणून. म्हातारा, हट्टी, लगेच पटलं त्यांना. तुला पुढे सार्वजनिक आरोग्य शिकायचंय ना? इथे घरोघरी साखर, घरोघरी रक्तदाब. आपल्यातलं एक तरी पोर शिकून परत येऊ दे.

रेनिटा: माझ्यासाठी खोटं बोललात?

थॅडियस: तू एक लिहिलंस, मी एक बोललो. फिट्टंफाट.

रेनिटा: कसली फिट्टंफाट! तुमच्याकडे बघवत नाही मला. तुम्ही गेला असतात तर मामीला काय तोंड दाखवलं असतं?

थॅडियस: गेलो नाही ना? मग फाड तो कागद.

रेनिटा: आणि बाकीचे एकोणतीस? काल सगळे काढून बघितले. सगळ्यांच्या फॉर्मवर ‘नाही’. तीस म्हातारी माणसं, आणि एकालाही काही होत नाही!

थॅडियस: या गावात?

रेनिटा: फॉर्म भरताना मिस ओडेसा म्हणाल्या होत्या, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. ते आवाजासकट आठवतंय. फॉर्मवर ‘नाही’.

थॅडियस: ओडेसा? ती तर रोज चारला तळ्याला फेरी मारते. तूच सांगितलंस म्हणून. एकटी.

रेनिटा: उद्या बाईंना खरं सांगणार आहे मी. आधी तुमच्यापाशी बोलायचं होतं.

थॅडियस: काढून टाकतील तुला.

रेनिटा: माहीत आहे.

थॅडियस: किती वाजले?

रेनिटा: साडेतीन.

थॅडियस: मग उद्याचं उद्या. आधी तिला फोन लाव. आणि घाई करू नकोस, तिला बोलायला वेळ लागतो.

रेनिटा: हॅलो, मिस ओडेसा? रेनिटा बोलतेय… हो, मामा बरे आहेत. बूट घालू नका अजून. त्या दिवशी मी तुम्हाला काही प्रश्न विचारले होते, ते परत विचारायचेत… नाही, तुमचं काही चुकलं नाही. बसा आधी. सावकाश सांगा, मी ऐकतेय.