तिसरा सर्व्हर

(रविवारची दुपार. घरच्या टेबलावर तिचा लॅपटॉप, शेजारी स्पीकरवर फोन. पलीकडे ऑफिसातले दादा. स्वयंपाकघरात खणकन चमचा पडतो.)

दादा : काय पडलं गं?

ती : चमचा. लेकीचे उद्योग. दादा, दोन सर्व्हर झाले. एकेक बाजूला काढला, नवी आवृत्ती चढवली, परत कामाला जुंपला. साइट जरासुद्धा अडखळली नाही.

दादा : शाबास! शिष्या कुणाची? आता तिसऱ्याची डिस्क कोरी कर, मग टाक.

ती : कोरी? त्या दोघांवर तर नुसतं अपग्रेड केलं.

दादा : तो जुनाट आहे. कचरा साचलाय त्यात.

ती : तिन्ही एकाच दिवशी घेतलेत.

दादा : अगं, किती शंका काढशील! कर आणि मोकळी हो. उद्या मेमोचं उत्तर द्यायचंय ना? साहेब नोकरीवर उठलेत तुझ्या.

ती : मेमो ज्या मंगळवारबद्दल आलाय, त्याच दिवसाची नोंद बघतेय, या तिसऱ्यावरची. कुणीतरी सेटिंग उडवली, साइट चार तास बंद. माझ्या नावाने. तीन आठवडे स्वतःलाच खातेय मी, झोपेच्या तंद्रीत केलं असेल म्हणून.

दादा : होतं गं. लहान पोर घरात, जागरणं...

ती : नोंदीत वेळ आहे अकरा वाजून दहा मिनिटं, दादा. तेव्हा दवाखान्यात लेकीच्या हनुवटीला टाके पडत होते. जाताना पासवर्ड तुम्हाला देऊन गेले होते.

लेक : आई, मामा आहे फोनवर?

ती : थांब, राणी. दादा, लॉगिन तुमच्या टेबलावरच्या मशीनवरून झालंय.

दादा : ...हात चुकला गं. सांगणारच होतो.

ती : कधी? मला काढल्यावर?

दादा : तुला इथे चिकटवलं कुणी, ते तरी आठव! पोर मामा म्हणते मला.

ती : म्हणून तर पासवर्ड दिला. नोंदीची कॉपी काढलीय. तिसराही त्या दोघांसारखाच करते, काही न पुसता. कॉपी उत्तराला जोडणार.

दादा : ऐक, एकदा घरी येऊन बोलू दे—

ती : ठेवते, दादा.

लेक : ठेवलास? मला बोलायचं होतं.

ती : नंतर, बाळा.

लेक : तू चिडलीस त्याच्यावर. आई, आता त्याला मामाच म्हणायचं ना?