चौथ्यांदा बघताना

निकोसियाच्या दवाखान्यात निवृत्त शिक्षिका फोतिनीबाई, समजावून सांगायची सवय आवरून, शेजारच्या जोडप्याचं बोलणं ऐकत होत्या. दोघं टॅबवर, प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ पोटात सोडण्याआधी होणाऱ्या जनुकीय तपासणीचं कार्टून बघत होती.

“स्तालो, पेशी काढल्या तर बाळाचं एखादं बोट कमी पडेल.”

“अरे लोइझो, त्या बाहेरच्या थरातल्या. त्याची वार होते, बाळ नाही. तीनदा बघितलंस ना?”

“आणि आपला थॅलेसेमिया?”

“तोच तर त्यांत शोधणार. दोघांच्याही रक्तात निघाला, तरी लग्नाआधी चर्चला लागतो तो रक्ततपासणीचा दाखला देताना डगमगला नाहीस. आता कचरतोस?”

“तेव्हा सुई मला टोचली होती. हा एवढासा जीव.”

“मग डॉक्टरांना नको म्हणून सांगू?”

“नको कशाला? पुन्हा लाव. या वेळी सुई आली की डोळे मिटणार नाही.”