आईची जागा

व्हिएकेस बेटावर बोटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघं म्हातारी बोलत होती.

"एनेदिनाबाई, तुमची आई गेल्याचं कळलं. वाईट झालं."

"तू अमेरिकी आरमाराच्या फाटकावरचा पहारेकरी एलाडिओ ना? मोर्चात मला फरफटत नेणारा?"

"नोकरी होती हो. पण शेवटी तुम्ही लोकांनी त्यांना बेटावरून हाकललंतच."

"हाकललं खरं."

"मग आईला तिच्या शेतात पुरलंत? बाबांच्या कबरीशेजारी?"

"कुठलं रे! जमिनीत आरमाराच्या सरावातले न फुटलेले बॉम्ब अजून आहेत म्हणे. आत सोडलंच नाही. गावच्या दफनभूमीत पुरलं."

"भांडायचं होतं, तेव्हासारखं!"

"कुणाशी भांडू? त्या फाटकावरचा आताचा पहारेकरी आमच्याच मोर्चातला. माझ्याआधी त्यालाच रडू फुटलं."