कोल्हिणीच्या देवळातला कौल

मालिनी : अगं, फोन हलवू नकोस, मला गरगरतंय. ते लाल फडकं कसलं?

श्रद्धा : लाळेरं आहे, आई. दगडाची कोल्हीण आहे ना, तिच्या गळ्यात. इथल्या बायका बांधतात.

गुरुदत्त : जपानला नोकरीला धाडली, तर ही कोल्ह्याच्या पाया पडतेय!

मालिनी : तुम्ही पेपर वाचा हो. श्रद्धा, ती गोष्ट सांग ना पुन्हा.

श्रद्धा : एका म्हातारीचा मुलगा रागावून घरातून गेला आणि डोंगरात, बर्फात वाट चुकला. म्हातारी या कोल्हिणीला रोज भात घालायची. तर कोल्हीण तोंडात दिवा धरून गेली आणि त्याला दारापर्यंत घेऊन आली. म्हणून ज्यांचं माणूस घर सोडून गेलंय ते इथे येतात.

मालिनी : मग आपल्या समीरसाठी माग बाई. दिवाळीपासून बदलापूरला पाऊल नाही पोराचं.

गुरुदत्त : कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडली, शहाडला खोली घेतली आणि जीन्स शिवत बसलाय. काय बोलायचं?

श्रद्धा : बाबा, ‘पुन्हा या दारात उभा राहू नकोस’ असं कोण म्हणालं?

गुरुदत्त : बाप रागात बोलतो. ते इतकं मनाला लावून घ्यायचं?

मालिनी : दोघं सारखेच हट्टी. तू हात जोड गं.

श्रद्धा : वाकले, टाळ्या वाजवल्या, मागितलं. आता कौल. गावाला देवाला फुलं लावून विचारतात ना, तशी इथे चिठ्ठी काढतात.

(कागद उलगडल्याचा आवाज.)

मालिनी : काय आलं?

श्रद्धा : चांगलं आलंय.

मालिनी : खोटं बोलताना नाक ओढतेस तू, लहानपणापासून. सांग.

श्रद्धा : लिहिलंय... ज्याची वाट बघताय, तो येणार नाही.

मालिनी : अगं आई गं!

श्रद्धा : रडू नकोस ना. वाईट कौल घरी न्यायचा नसतो इथे. या दोरीला बांधून देवापाशीच सोडायचा. हा बघ, बांधते.

मालिनी : घट्ट बांध. सुटायला नको.

गुरुदत्त : थांब. नीट वाचलंस ना?

श्रद्धा : हो, बाबा.

गुरुदत्त : तो यायचा नाही, एवढंच ना? आपण जाऊ नये, असं काही?

श्रद्धा : नाही. तसं काही नाही लिहिलेलं.

गुरुदत्त : हं... मालिनी, माझा इस्त्रीचा शर्ट दे. शहाडला उतरल्यावर खोली कुठे, ते कुणाला तरी विचारावं लागेल.

मालिनी : कुणाला कशाला? दर गुरुवारी डबा घेऊन जाते मी. चला.