जिभेवरचा व

आमी मूळचे मोर्शीकडचे. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात राखणदार, माय तोडणीले जाये, अन् मी, संगीता, त्या घरातली पयली पोरगी जिनं इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, मंग बी.एड. केलं. माय साऱ्या गावाले सांगे, आमची पोरगी इंग्रजी शिकवनार हाय. कुठं शिकवनार ते मलेच मालूम नव्हतं, पन मायले कोन सांगन.

आता काय सांगू तुमाले, इंग्रजी मले लिवता येये, वाचता येये, पन जीभ वऱ्हाडाचीच न बाप्पा. आमच्याकडं ओ म्हनाले गेलं का आंधी व येते. टॉवेल ओला नसते, वल्ला असते. घरापुढं ओटा नसते, वटा असते. ओळख नाही, वळख. सारं गाव तसंच बोलते, कोनाच्या कानाले खटकत नाही.

तं अमरावतीच्या एका शाळेत डेमो होता, म्हणजे नोकरी देन्याच्या आंधी वर्गात शिकवून दाखवा. धडा आला ए अन् ॲनचा. मी फळ्यावर नीट लिवलं, ॲन ऑरेंज, संत्र्यातच वाढलेली मी, दुसरं काय सुचन. नियम बी बराबर सांगतला, का अक्षर पायू नका, आवाज आयका, स्वराचा आवाज असन तं ॲन, नाही तं ए. अन् वाचून दाखवलं तं तोंडातून आलं, ए वॉरेंज. पुन्हा वाचलं, पुन्हा ए वॉरेंज. समोरची एक पोरगी उठली, म्हणे मॅडम, लिवलं ॲन अन् बोलून राहिल्या ए, खरं काय धरू. मागं बसलेले सर लोकं हासले. एक म्हणे, मॅडम, तुमचं हे वॉरेंज कोन्त्या झाडाले लागते. मले रडू नाही आलं, राग आला, सरायचा नाही, माह्या जिभेचा.

बसमधी बसल्या बसल्या इचार केला, का मी चुकली तरी कुठं. युनिव्हर्सिटी लिवाले यू, पन आवाज य चा, म्हणून ए युनिव्हर्सिटी. अवरमधी एच दिसते, पन बोलत नाही, म्हणून ॲन अवर. मंग माह्या तोंडात ऑरेंज व नं सुरू होते तं त्याच्या आंधी ए च लागन न. माह्या जिभेनं नियम पाळलाच होता. पन हे समजावाले कोनाकडं जाता, अन् समजलं तरी नोकरी थोडीच देतात. लेकराईले तं जग बोलते तसंच बोलता आलं पायजे, ते बी खरंच.

मनाशी ठरवलं, आनखी एक डेमो देऊ, तिथं बी नाही म्हनलं तं इंग्रजीचा नाद सोडू अन् गावात शिलाई मशीन टाकू. मंग आरशापुढं उभी राहून ऑ, ऑ करत राहाची. माय म्हणे, काहून वं, घसा दुखून राहिला का.

दुसरा डेमो बडनेऱ्याले, रेल्वे जंक्शनजवळच्या शाळेत. वर्गात गेली अन् पयलेच सांगून टाकलं, पाय रे लेकराईनो, माही जीभ वऱ्हाडी हाय, ऑरेंज म्हनताना व घुसते, घुसला का हात वर करा. घुसला, सारे हात वर. मंग ते म्हनाले लागले तं त्याईच्या बी तोंडात व. रेल्वेवाल्याईचे लेकरं असले तरी वऱ्हाडचेच न. मंग सारा वर्ग वठावर बोट ठेवून शिकला, वठ जवळ आले तं व, उघडे राहिले तं ऑ. निघताना मुख्याध्यापिका म्हणे, सोमवारपासून या.

तवापासून तिथंच हाओ. यंदाच्या पाचवीत एका पोरीनं इचारलं, बाई, मराठीत ए अन् ॲन काहून नाही. मी म्हनली, आपल्याकडं एक हाय न. मी पयल्या दिवशी वर्गावर आली तवा घरी काय सांगतलं तुमी. म्हणे, एक नवीन बाई आल्या. अन् आता काय सांगता. म्हणे, बाई आल्या. मी म्हनली, पाय, वळख झाली का एक म्हना लागत नाही. एवढं बोलली अन् मलेच भरून आलं, फळ्याकडं तोंड करून उभी राहिली.

रोज सकाळी फाटकातून गाडी आत घेतली का लेकरं वरडतात, बाई आल्या, बाई आल्या. कोन्या गावची, कोनाची, कोनी इचारत नाही. सुखी राहो लेकरं.