शेपट्यांवर काम करणारा जावई

...नाही, मुलगा वाईट आहे असं मी कुठे म्हणतो, पण तुम्हाला सांगतो, पाणी मुरतंय कुठेतरी. आमची धाकटी म्हणते, लग्न करीन तर याच्याशीच, आणि हा करतो काय, तर शुक्राणूंच्या शेपट्यांवर संशोधन! आता हे चारचौघांत सांगायचं कसं? मेव्हण्याने विचारलं, तर आमची ही खाली मान घालून म्हणते, "शेपट्यांचं काम आहे त्याचं." मेव्हणा म्हणतो, "कुणाच्या?" घ्या... सांगा आता कुणाच्या!

म्हटलं, लेकीच्या जन्माचा प्रश्न आहे, रंगेहाथच पकडू. गेलो न कळवता त्याच्या प्रयोगशाळेत. तर हा, "या ना काका, बसा," आणि शेपूट आडवी कापून काढलेला फोटोच पुढे ठेवला. कडेने बारीक नळ्यांच्या नऊ जोड्या, मध्ये दोन. अहो, उभा जन्म मी वायरिंग केलं, मला शिकवतो? ही तर केबल! म्हटलं, "कुठल्या कंपनीची?" तर म्हणे, "काका, शिंपल्यापासून माणसापर्यंत साधारण हीच रचना, कोट्यवधी वर्षांची."

"मग बदललं काय?"

"ईल माशात मधल्या दोन नसतातच."

"आणि तरी तो शुक्राणू पोहतो?"

"झकास."

बघा, पाणी मुरतंय! मधल्या दोन वायरी गाळून मी कनेक्शन दिलं असतं तर गिऱ्हाइकाने मला खांबाला बांधलं असतं... आणि गोल जंतांच्या शुक्राणूला म्हणे शेपूटच नाही, सरपटतो, आणि एक चिमुकली माशी, तिच्या नराच्या शुक्राणूची शेपूट त्या नराच्या अंगाच्या वीसपट, वायरच्या बंडलासारखी गुंडाळलेली! "एवढी कशाला?" तर म्हणे, "मादीमुळे काका. तिच्या पोटातली शुक्राणू साठवायची नळी लांबत गेली, तशी पिढ्यान्‌पिढ्या शेपूटही लांबली. कुणाचं चालणार, ते बरंचसं तीच ठरवते."

तीच ठरवते! म्हणजे यांचं आधीच ठरलंय, आणि मी इथे फ्यूज तपासत बसलोय. लेक आहे हो माझी... आवाज चढवून विचारलं, "आणि यात मादीच्या बापाचं काम काय?"

त्याने चष्मा काढला, पुसला, खरोखर विचार केला आणि म्हणाला, "काका, तसा पुरावा अजून माझ्या तरी पाहण्यात नाही."

आता सांगा, सासऱ्यापुढे खोटं बोलायची इतकी सोन्यासारखी संधी असताना जो खरं बोलतो, त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कसा? उठलो, म्हटलं, तारीख ठरली की कळवा.