पहिला चहा कुणाच्या दारात

मी कळसचा. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा आन् मी सायकलीवर पेरूच्या पाट्या घालून बारामतीला इकायचो, भाव करायला तितंच शिकलो आन् भांडायलाबी. आमच्या तालुक्याचं पुढारी आबा तवा पंचायत समितीला पहिल्यांदा उभं हुतं. फटफटीवर आलं, आमच्या ओट्यावर बसलं, चहा बशीत वतून प्यालं आन् म्हणलं, तात्या, गाव तुझ्याकडं. आमच्याकडं असंच असतंय, पुढारी गावात आला की पहिला चहा कुणाच्या दारात घेतो, त्यावर लोक वळखत्यात वजन कुणाचं.

मग आबा आमदार झालं, मंत्री झालं, पहिला चहा आमच्यातच. सभेला माणसं मी न्यायची, रुसलेल्यांच्या दाढ्या मी धरायच्या, आन् तिकीट? ते दर बारीला दुसऱ्याला. काय सांगू तुमाला, हितं घशात अडकलंय ते.

पुढं आबा लांबच्या राज्याचं राज्यपाल झालं. राज्यपालाला पक्ष नसतो म्हणं. पर यंदा माझी सून शुभांगी जिल्हा परिषदेला इच्छुक हाय, शिकलेली, माझ्यावाणी भांडखोर न्हाय, आन् कळलं की आबा हितं जवळच एका लग्नाला येणार, वाटंत आपल्याकडं थांबणार. तोंडानं त्यांना कायबी म्हणता येत न्हाय, पर चहा तर घेतील? तालुका तेवढ्यावर समजून घेतो.

परवा आलं. फुडं पोलीस, मागं पोलीस, सारा गाव दारात. शुभांगीनं कप फुडं केला, तवर संगं आलेला अधिकारी म्हणाला, साहेबांना बाहेरचं चालत नाही, नियम आहे. बाहेरचं? माझं डोकंच फिरलं. पोरगी हळूच म्हणली, मामंजी, नको. तरी मी बोललोच.

“आबा, माझ्या घरात बाहेरचं कोण, मी का तुमी?”

आबांनी कप उचलला, व्हटापर्यंत नेला आन् तसाच खाली ठिवला. शुभांगीच्या डोक्यावर हात ठिवला, माझ्याकडं बघितलंबी न्हाय, गाडीत बसलं.

आता निम्मा गाव म्हणतो हात ठिवला म्हंजे तिकीट आलं, निम्मा म्हणतो भरला कप ठिवला म्हंजे कापलं. फोन वाजला की वाटतं तिकिटाचाच आसंल, आन् असतो पेरूचा व्यापारी, त्याच्याशी भाव करायचंबी सुचत न्हाय. शुभांगी सकाळीच चपला घालून घरोघर लोकांना भेटाय निघाली. मी संगं गेलो न्हाय. आबांना देव उदंड आयुष्य देवो, पोरीला यश देवो, आन् माझ्या तोंडाचं काय भोगायचं आसंल ते माझ्याच वाट्याला येवो.